लाभ झालेले नागरिक : एक

कायद्याचं शिक्षण सुधारावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. बावीस वर्षं मी ते देतो आहे आणि देणाऱ्याची किंवा घेणाऱ्याची त्याबद्दल लेखी तक्रार नाही. पण महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्राचार्यांनी आम्हा अकरा प्राध्यापकांना बोलावलं आणि टेबलावर एक छापील तक्ता ठेवला. तो वरून आला होता. वरून म्हणजे नक्की कुठून, हे आमच्या कॉलेजात विचारायची पद्धत नाही. कायद्याचं शिक्षण लोकांच्या उपयोगी पडावं असं वरच्यांना एकाएकी वाटू लागलं होतं आणि सातव्या रकान्यात त्यांनी सरळ विचारलं होतं : 'आपल्या महाविद्यालयामुळे प्रत्यक्ष लाभ झालेले नागरिक. संख्या लिहा.'

कॉलेजला चाळीस वर्षं झालीत. आम्ही सगळे पंख्याकडे बघू लागलो.

"शून्य लिहिलं तर चौकशी येते," प्राचार्य म्हणाले. "कोरं सोडलं तर स्मरणपत्र येतं. महिनाअखेरपर्यंत मला एक नागरिक हवा. एक पुरे. तुमच्यापैकी कोर्टात कोण गेलंय?"

अकरा जणांत कोर्टाची पायरी चढलेला मी एकटाच निघालो. तेसुद्धा शेजाऱ्याच्या स्कूटरच्या खटल्यात साक्षीदार म्हणून, आणि त्या दिवशी न्यायाधीश रजेवर होते. पण वासरांत लंगडी गाय शहाणी. त्याच संध्याकाळी 'लोकाभिमुख विधी शिक्षण सुधारणा उपसमिती' स्थापन झाली. तिचा मी अध्यक्ष, मीच सचिव आणि मीच सदस्य.

घरी आल्यावर मी ही बातमी जरा गंभीर आवाजात सांगितली. बायको भाजी निवडत होती.

"म्हणजे आता लोकांची कामं करणार तुम्ही?"

"मार्गदर्शन करणार."

"अहो, लिफ्ट बंद पडली त्याचा अर्ज लिहायला बसला होतात. तीन दिवसांनी चार पानं झाली आणि लिफ्टपर्यंत आलाच नव्हतात तुम्ही. शेवटी मी दोन ओळी खरडल्या."

त्या चार पानांत मी 'चढउताराचा हक्क' या संकल्पनेचा पाया घालत होतो, पण घरात ते सांगण्यात अर्थ नव्हता.

रविवारी सकाळी मी इमारतीच्या फाटकापाशी एक टेबल, दोन खुर्च्या आणि 'मोफत कायदेशीर मार्गदर्शन' अशी पाटी मांडली. पहिल्या बाईंनी दातांचा दवाखाना कुठे ते विचारलं. दुसऱ्यांनी मला एक पार्सल सांभाळायला दिलं. तिसरे मात्र खरे नागरिक होते. तळमजल्यावरच्या त्या गृहस्थांच्या छतातून वरच्या न्हाणीघराचं पाणी गळत होतं, आणि ते वरच्यानं दुरुस्त करून द्यायचं की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

"याबाबत दोन मतप्रवाह आहेत," मी म्हणालो.

हे वाक्य मी वर्गात इतकं म्हणतो की पोरं ते वहीवर आधीच लिहून ठेवतात. मी त्यांना पहिला मतप्रवाह समजावून सांगितला, मग दुसरा, आणि मग दुसऱ्यावर पहिल्यानं घेतलेला आक्षेप. चाळीस मिनिटांनी ते उठले, हात जोडले आणि घरी जाऊन गळतीखाली बादली लावली. तीच बादली त्यांना सुरुवातीलाच सुचली होती, असं त्यांनी नंतर जिन्यात कुणाला तरी सांगितलं.

नंतर आमच्याच इमारतीतले एक काका आले. हे एका कचेरीतून निवृत्त झालेत आणि त्यांना आयुष्यभरातली परिपत्रकं क्रमांकासकट पाठ आहेत, म्हणून इमारतीत त्यांना परिपत्रककाका म्हणतात. "प्राध्यापक, हे असं उघड्यावर बसून सल्ला देणं परिपत्रकात बसत नाही," असं म्हणून ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि दुपारपर्यंत स्वतःच सल्ला देत राहिले. गर्दी त्यांच्याकडे झाली. माझ्याकडे पार्सल राहिलं.

टेबल उचलून आत नेत होतो, तेव्हा जिन्याखालून टेलरबाईंनी हाक मारली.

टेलरबाई एकोणीस वर्षं आमच्या जिन्याखाली मशीन मांडून बसतात. आखूड झालेल्या विजारी, उसवलेल्या पिशव्या, लग्नाळू पोरांचे कोट, सगळी इमारत त्यांच्या सुईतून गेली आहे. गळ्यात कायम टेप, कानावर पेन्सिल. त्यांच्या समोरच्या भिंतीला माझं एक लोखंडी कपाट आहे. त्यात निकालपत्रांचे दोनशे बारा बांधीव खंड आहेत. लेकीच्या अभ्यासाचं टेबल घरात आलं तेव्हा बायकोनं ते कपाट बाहेर काढलं आणि मी ते तात्पुरतं खाली ठेवलं. त्याला सहा वर्षं झाली.

"सर, हा कागद बघता का जरा?"

महापालिकेची नोटीस होती. जिन्याखालचे अडथळे हटवायची मोहीम निघाली होती. 'जिन्यालगतच्या मार्गात अडथळा असल्याचे आढळून आले असून पंधरा दिवसांत लेखी म्हणणे सादर करावे, अन्यथा आपले यंत्र हटविण्यात येईल.' त्यातले पाच दिवस बाईंनी कुणाला विचारावं या विचारात घालवले होते.

"घरी मशीन ठेवायला जागा नाही हो," त्या म्हणाल्या. "दीड खोली, त्यात सासूबाई आजारी. आणि इथून उठले तर मला शोधत कोण येणार? जाता-येता मी दिसते म्हणून माणसं कपडे टाकतात."

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पण त्याच क्षणी सातवा रकानाही डोळ्यांसमोर आला, आणि कुठलं आधी आलं हे मी स्वतःला विचारलं नाही. मी म्हणालो, "बाई, निश्चिंत राहा. आमचं अख्खं कॉलेज तुमच्या मागे उभं आहे."

"बरं झालं. पण सर, ते समोरचं आहे ना..."

"तपशील नंतर," मी म्हणालो. "आधी कायद्याचा मुद्दा काय तो ठरू दे."

मी माझे सर्वांत हुशार दोन विद्यार्थी निवडले. एका मुलीला वर्गात तळटीप म्हणतात, कारण ती 'सुप्रभात' लिहिलं तरी खाली आधार देते. दुसरा मिलॉर्ड. तो कॅन्टीनमध्ये चहासुद्धा 'विनम्र प्रार्थना आहे की' असं म्हणून मागतो. दोघांनी अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे लुटुपुटीच्या कोर्टाच्या, सगळ्या स्पर्धा जिंकल्या होत्या.

या स्पर्धांची पद्धत इथे सांगायला हवी, कारण पुढे जे झालं ते तिच्यामुळे झालं. एक तर प्रकरणाची वस्तुस्थिती आयोजकच छापून देतात. तिच्यावर शंका घ्यायची नाही, उगाच बाहेर जाऊन बघायचं नाही. दुसरं म्हणजे प्रत्येक संघानं दोन्ही बाजू लिहायच्या. अर्जदाराची बाजू निळ्या वेष्टनात, सामनेवाल्याची लाल वेष्टनात. एकच खंड दिला तर संघ बाद. बावीस वर्षं मी हेच शिकवलं आणि त्याला बुद्धीचा समतोल असं म्हणत आलो.

पोरं जिन्याखाली आली. मिलॉर्डनं वही उघडली. "आपला ताबा शांततापूर्ण होता का?"

"मशीनचा आवाज होतो थोडा," बाई म्हणाल्या. "तेल घातलं की कमी होतो."

"आपला ताबा सर्वांना उघडपणे दिसेल असा होता का?"

"दिव्याखाली बसते की. दिसणार नाही तर काय?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "सर, पण जागा कुणी मोजली नाही अजून. आणि ते समोरचं..."

"मोजमाप हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, बाई. आपण कायद्याच्या प्रश्नावर आहोत."

हे मी मुलांकडे बघून म्हणालो, कारण वाक्य टिपून घेण्यासारखं होतं. तळटीपनं ते टिपून घेतलंसुद्धा.

आठ दिवस दोघं राबली. 'अडथळा' या कल्पनेचा इतिहास मनुष्य गुहेत राहत होता तिथपासून घेतला होता. गुहेच्या तोंडाशी धोंडा ठेवणाऱ्याचा हक्क कोणता, यावर अकरा पानं होती. वाचताना मला भरून आलं. सुनावणीसाठी मी माझा काळा कोट कपाटातून काढला. सनद घेतली तेव्हा शिवला होता, त्याची बटणं आता काजांशी बोलत नव्हती. तो सैल करायला टेलरबाईंकडेच दिला.

"सर, पोट आत घेऊ नका," टेप लावताना त्या म्हणाल्या. "माप खोटं आलं की कोट खोटा होतो."

मी श्वास सोडला. त्यांनी आकडा वहीत लिहिला आणि सौजन्यानं मोठ्यानं वाचला नाही.

म्हणणं सादर करायला मी, मिलॉर्ड आणि परिपत्रककाका असे गेलो. काकांना कुणी बोलावलं नव्हतं. आवक खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही खंड हातात तोलले.

"विषय?"

"प्रस्तावनेत आहे."

"एका ओळीत सांगा. इथे एकच ओळ मावते." त्यांनी नोंदवही फिरवून दाखवली. खरोखरच एकच ओळ होती. मी बावीस वर्षं कायदा शिकवतो, पण त्या ओळीसमोर माझ्या तोंडून शब्द फुटेना. मागे रांग खोकू लागली. शेवटी काकांनी "टेलरबाईंचं मशीन," असं सांगितलं आणि बाईंनी तेच लिहिलं.

मग डाव्या बाजूला समास कमी आहे म्हणून एकदा परत आलो. दुसऱ्यांदा पानांना क्रमांक आकड्यांत आहेत पण अक्षरांत नाहीत म्हणून. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा खिडकी बंद होती आणि काकांनी त्याचं परिपत्रक मला सांगितलं. चौथ्यांदा, शेवटच्या दिवशी, शिक्के पडले. निळ्यावर एक, लालवर एक. शिक्क्याचा तो आवाज ऐकून मला वाटलं, विधी शिक्षण आज लोकांपर्यंत पोचलं.

चार दिवसांनी सुनावणी होती. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर टेलरबाई बसल्या होत्या. पायाशी कपड्यांची दोन गाठोडी होती.

"हे काय?"

"लोकांचे कपडे. जाता-जाता परत देऊन टाकते, न शिवलेले. मशीन उचललं तर ते अडकून पडायला नको." त्या थोडं थांबल्या. "तळटीपताईंनी मला दोन्ही पुस्तकं वाचून दाखवली. निळं ऐकलं, बरं वाटलं. मग लाल ऐकलं, तर माझं मलाच वाटलं की आपण उठावं इथून. फार पटण्यासारखं लिहिलंय."

"चांगल्या लेखनाचा कस तोच," मी म्हणालो. असं म्हणालो, हे मी आज लपवत नाही.

आत सुनावणी अधिकारी गरम पाणी पीत बसले होते. त्यांच्या पुढ्यात दोन्ही खंड होते. निळा जसा दिला तसा होता. लाल खंडातून मात्र सात-आठ कागदी खुणा बाहेर डोकावत होत्या.

"मी या खुर्चीत नऊ वर्षं आहे," ते म्हणाले. "आदेश लिहिताना नाकी नऊ येतात. पण नोटीस आलेल्या माणसानं स्वतःविरुद्धचा आदेश इतक्या चांगल्या भाषेत लिहून आणलाय, असं पहिल्यांदाच घडतंय. पान चौतीस. 'सबब सदर यंत्र तत्काळ हटविणे हेच न्यायोचित होईल.' मी फक्त सही करायची बाकी ठेवलीय."

मी मिलॉर्डकडे बघितलं. चौतिसावं पान त्याचंच होतं. त्या पानाला मी दहापैकी नऊ गुण दिले होते, निळ्या खंडाला सात.

"साहेब," मी उठलो. सैल केलेल्या कोटातसुद्धा श्वास पुरेना. "याबाबत दोन मतप्रवाह आहेत."

"हो. दोन्ही तुम्हीच जोडलेत."

मागे परिपत्रककाका हळूच म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण." तळटीप खाली मान घालून रडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोटाची, खुर्चीची, बावीस वर्षांची अब्रू गेली त्याचं होतंच, पण ती दोन गाठोडी दारातून दिसत होती, त्याचं जास्त होतं. बाईंनी आम्हाला गाठलं नसतं, कागदाच्या मागे पेन्सिलीनं दोन ओळी लिहून दिल्या असत्या, तर आज त्या निदान इतक्या खोल खड्ड्यात तरी नसत्या.

"आणखी काही म्हणायचंय?" अधिकाऱ्यांनी पेन उघडलं.

"मी बोलू का?" टेलरबाई उभ्या राहिल्या. "साहेब, रस्ता किती मोकळा पाहिजे, तेवढं सांगा फक्त."

"नोटिशीच्या मागे छापलंय की. किमान चार फूट."

नोटिशीला मागची बाजू होती. मी ती नोटीस अकरा वेळा वाचली होती, तिच्यावर ऐंशी पानं लिहून घेतली होती. पण ती उलटायची, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

बाईंनी पिशवीतून मापांची वही काढली. तेलाचे डाग पडलेली, कोपरे दुमडलेली. त्यात इमारतीतल्या प्रत्येकाची कंबर आहे. त्यांनी एक पान उघडून अधिकाऱ्यांपुढे ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. अधिकाऱ्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं.

"जिना. समोरची भिंत ते मशीन, पाच फूट. सरांचं कपाट, चौदा इंच. राहिले तीन फूट दहा." त्यांनी वर बघितलं. "सर कोण?"

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आवक खिडकीवरच्या बाई कागद घेऊन आल्या होत्या, त्यांनीसुद्धा.

"मी," मी म्हणालो.

"काय असतं त्या कपाटात?"

"कायद्याची पुस्तकं."

अधिकाऱ्यांनी गरम पाण्याचा एक घोट घेतला. मग त्यांनी पेन बंद केलं. "म्हणजे मशीन आणि कपाट, दोन्हीपैकी एक हललं तरी काम भागतंय. मशीनवर एका माणसाचं पोट आहे. कपाट हलवा. उद्या ओव्हरसियर येऊन मोजेल. मोकळे चार फूट भरले तर नोटीस निकाली."

व्हरांड्यात आल्यावर मी बाईंना विचारलं, "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"सांगत होते की. दोनदा. तुम्ही म्हणालात, तपशील नंतर." मग त्या संकोचून म्हणाल्या, "आणि सर, कायद्याची पुस्तकं ती. मला वाटलं, त्यांना हला म्हणायचा आपल्याला अधिकार नसेल."

यावर माझ्याकडे एकही मतप्रवाह नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोनशे बारा खंड तिसऱ्या मजल्यावर चढवायचे होते. लिफ्ट अर्थातच बंद होती. माझ्या चार पानी अर्जानंतर बायकोच्या दोन ओळींनी ती सुरू झाली होती, पण परवा पुन्हा बंद पडली होती. तळटीप आणि मिलॉर्डनं वर्गातली आणखी पोरं आणली. शेजारी आपापल्या दारात उभे राहिले. एकानं रद्दीवाल्याचा नंबर दिला. गळक्या छतवाल्या गृहस्थांनी, खंड भिजणार नसतील तर ते बादलीखाली ठेवायला चालतील, असं सुचवलं. काकांनी वजन उचलण्याबाबतचं परिपत्रक सांगितलं आणि स्वतः एकही खंड उचलला नाही. रिकामं कपाट मात्र पहिल्या वळणावर अडकलं आणि तासभर इमारतीतला कुणीही वर किंवा खाली जाऊ शकला नाही. मार्गातला अडथळा म्हणजे काय, ते त्या तासात सर्वांना गुहेपर्यंत न जाता कळलं. शेवटी कपाट त्या गळक्या छतवाल्यांनीच कपडे ठेवायला घेतलं.

बायको दारात उभी होती. "घरात कुठे ठेवणार आहात?"

"याबाबत..."

"पलंगाखाली. तुमच्या बाजूच्या."

दुपारी ओव्हरसियर आला. त्याच्याकडे टेप नव्हती. कचेरीची टेप कोठारात होती आणि कोठाराची चावी ज्याच्याकडे, तो रजेवर. टेलरबाईंनी गळ्यातली टेप काढून एक टोक त्याच्या हातात दिलं आणि दुसरं मशीनच्या पायाशी धरलं. मी, पोरं, काका, सगळे जिन्यात उभे होतो. ओव्हरसियर वाकला.

"साठ इंच. पाच फूट."

"दोन्हीकडून मोजा," बाई म्हणाल्या. "माप दोनदा घ्यावं."

त्यानं पुन्हा मोजलं आणि कागदावर लिहिलं. बाई मशीनवर बसल्या, गाठोडं सोडलं आणि अर्धवट राहिलेली एक पॅन्ट पुढ्यात ओढली. त्यांनी पदरानं डोळे पुसले, दोरा ओवला आणि मशीन सुरू केलं. माझेही डोळे भरून आले, ते मी धुळीवर ढकललं.

पुढच्या आठवड्यापासून मी वर्गात पहिला तास बदलला. प्रत्येकाला एक कोणताही सरकारी कागद आणायला लावला आणि त्याची मागची बाजू वाचायला लावली. मिलॉर्डला टेप घेऊन बाहेर पाठवलं. त्यानं विनम्र प्रार्थना न करता आमच्या ग्रंथालयाचं दार मोजून आणलं. ते अपंगांच्या चाकाच्या खुर्चीला तीन इंचांनी अपुरं निघालं. हे मी प्राचार्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आधी तक्ता भरा."

तक्ता भरायला घेतला. सातव्या रकान्यात 'एक' लिहिलं. आठवा रकाना होता 'लाभाचे स्वरूप', आणि त्यालाही एकच ओळ होती. सवयीनं मी कोऱ्या कागदावर सुरुवात केली. दोन दिवसांनी तीन पानं झाली आणि टेलरबाईंपर्यंत आलोच नव्हतो. तेव्हा खाली गेलो, जिन्यात बसलो आणि त्यांचं मशीन थांबेपर्यंत थांबलो. मग वर येऊन ती ओळ लिहिली आणि प्राचार्यांपुढे ठेवली.

त्यांनी वाचलं : 'वाटेतली कायद्याची पुस्तकं बाजूला केली, बाईंची जागा राहिली.'

"यात आपल्या कॉलेजचा वाटा काय?" त्यांनी विचारलं.

"सर," मी म्हणालो, "पुस्तकं आपली होती."